वरचं दीड सप्तक

११ जानेवारी

वाद्यवृंदाच्या समितीचं पत्र आलं. चार विरुद्ध तीन, आणि चार माझ्या बाजूचे. ९ मार्चला दुपारच्या मैफलीत तीन भागांचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि साथीला सगळा वृंद, मी वाजवायचा. वाद्यवृंद सुरू होऊन एकसष्ट वर्षं झाली. एवढ्या काळात मोठ्या हॉलच्या पियानोपुढे एकट्याने बसायला एकाही बाईला बोलावलेलं नाही. गाणाऱ्या आल्या, एकदा एक व्हायोलिनवाली आली, पण पियानो म्हणजे पुरुषांची जहागीर.

पत्र घेऊन धावतच खाली बाबांच्या पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात गेले. बाबा एका जुन्या पियानोच्या पोटात डोकं घालून बसले होते. मी पाठीमागूनच एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोकं बाहेर काढलं, वळून बघितलं आणि म्हणाले, "आलीस? ती बारीक पक्कड दे."

मी पक्कड दिली आणि वर आले. आत्या म्हणाली, "काय म्हणाला तुझा बाप?" म्हटलं, "पक्कड मागितली." आत्या उठली. पत्र माझ्या हातातून घेऊन खाली गेली. थोड्या वेळाने बाबा वर आले, पत्र टेबलावर ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा खाली गेले. आत्याने फर्मावल्यावर ठेवलेला हात. त्याचं मी काय करू?

१२ जानेवारी

स्वस्थता नाही. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालतात, जिना उतरताना पायऱ्या मोजल्या जातात. आत्या म्हणते, "बये, एका जागी बस, मला चक्कर येते तुझ्याकडे बघून." वय वर्षं चौतीस आणि जीव परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या मुलीसारखा.

१६ जानेवारी

वृंदाला छडीने चालवणाऱ्या संचालकांना भेटले. छाती पुढे काढून चालणारा माणूस. नाकाने कांदे सोलावेत तर यांनीच.

"बाई, तिसऱ्या भागाला खांदे लागतात."

"आहेत दोन."

हसले नाहीत. "मी त्या तिघांपैकी एक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागून कानावर येण्यापेक्षा बरं." हे मात्र मला आवडलं. शत्रू समोर उभा असला की निदान पाठ तरी मोकळी राहते.

मग मला पियानो दाखवायला नेलं, जणू मी तो कधी पाहिलाच नव्हता! त्याच पियानोखाली बसून मी पाढे पाठ केले आहेत. बाबा सव्वीस वर्षं तो सुरात लावताहेत. लहानपणी वाटायचं, हॉल बाबांचाच आहे आणि मैफलींपुरता लोकांना वापरायला देतात.

२१ जानेवारी

शिकवणीचा दिवस. शाळा म्हणायला मोठं नाव, जागा म्हणजे कारखान्यावरची ही एक खोली आणि सात विद्यार्थिनी. मी सुरू केली तेव्हा दारावरची पाटी लोक थांबून वाचत आणि हसत पुढे जात. आता हसत नाहीत, एवढी प्रगती. सहा मुलींच्या आया मात्र अजून एकच पालुपद लावतात, "बाई, लग्नापुरतं येऊ दे, फार नको." लग्नापुरता पियानो म्हणजे नक्की किती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सातव्या बेकरीवाल्या वहिनी. वय सत्तेचाळीस. पहाटे तीनपासून पीठ मळायचं, अकराला हात धुऊन माझ्याकडे यायचं. नखांत पीठ असतंच. "मला कुठे लग्न करायचंय? मला आपलं फार येऊ दे," म्हणतात.

आज जाताना म्हणाल्या, "तुमचे बाबा फार सभ्य हो. मी बोलत असले की हातातलं काम ठेवतात, तोंडाकडे बघून एकेक शब्द ऐकतात. आमचे हे तर भट्टीकडे बघून बोलतात."

बाहेरच्यांसाठी सभ्यता आहे. घरच्यांसाठी "पक्कड दे."

२९ जानेवारी

मनातलं लिहून टाकते. बाबांना माझं वाजवणं आवडेनासं झालं आहे.

लहानपणापासूनचा आमचा रिवाज असा: मी वर वाजवते, ते खाली काम करतात. माझा स्वर चुकला की खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोका. एक ठोका म्हणजे चूक, दोन म्हणजे ताल गेला, आणि एकदा बाविसाव्या वर्षी एक अवघड जागा नीट जमली तेव्हा त्यांनी काहीच न ठोकता खालून "हां!" असं ओरडून सांगितलं होतं. त्या एका "हां"वर मी बारा वर्षं जगले आहे.

आठवून पाहिलं, शेवटचा ठोका कधी ऐकला? मागच्या वर्षी? त्याच्या आधी?

आज मुद्दाम चुकले. वरच्या पट्ट्यांवर, उजव्या हाताने, शेंबड्या पोरालाही कळेल असं. थांबले. काही नाही. पुन्हा चुकले, आणखी घाण. खालून फक्त कानशीचा आवाज, एकसारखा.

म्हणजे त्यांनी मला सोडून दिलं. बाई म्हणून मोठ्या हॉलमध्ये बसायला निघाले हे त्यांनाही खपत नसावं. तोंडावर सांगत नाहीत, एवढंच.

२ फेब्रुवारी

बाबांना म्हातारपणाचं एक नवं खूळ लागलंय. स्वर जुळवायचा तो लोखंडी काटा गुडघ्यावर आपटतात आणि कानाशी न नेता दांडी दातात धरतात. आत्याला म्हटलं, "दात पडतील त्यांचे." ती म्हणाली, "दातांचं कोण बघतंय." आणि उठून गेली. ही दोघं बहीणभाऊ कोड्यात बोलायला लागलीत.

५ फेब्रुवारी

पहिली तालीम. लिहितानाही राग आवरत नाही.

पहिला भाग चांगला चालला. संचालकांची मान एकदा होकारार्थी हललीसुद्धा. मग उजवा हात वर गेला आणि सगळं नासलं. वरचं दीड सप्तक बेसूर! एकेका स्वराच्या तीन तारा, त्या तिन्ही तीन दिशांना. काच दाताखाली यावी तसं वाटलं. मुख्य व्हायोलिनवादकाने डोळे मिटून घेतले, मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

तालीम संपल्यावर हॉलच्या व्यवस्थापकांना गाठलं. "पियानोला कुणीतरी हात लावलाय."

"कालच तुमच्या वडिलांनी लावलाय, बाई. पूर्ण दिवस बसले होते."

"मग त्यांच्यानंतर कुणीतरी. तिघं माझ्या विरुद्ध आहेत, तुम्हाला माहीत आहे."

ते नम्रपणे म्हणाले, "हॉलची किल्ली माझ्याकडे आणि तुमच्या वडिलांकडे. आमच्या दोघांपैकी कुणावर संशय आहे तुमचा?"

६ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. जेवताना, समोरासमोर. "वरचं दीड सप्तक लागलेलं नाही."

त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "मी लावलाय."

"मग नंतर कुणीतरी—"

"मी लावलाय म्हटलं ना! सव्वीस वर्षं लावतोय. खोट पियानोत नसेल. तुझ्या कानात असेल. तपासून घे."

आत्याच्या हातातला डाव खाली पडला. बाबा ताटावरून उठले. आजवर ते अन्नावरून कधी उठले नव्हते.

१० फेब्रुवारी

माझ्या कानात खोट असेल तर?

चार दिवस दुसरं काही सुचत नाही. बाबांचा कान या गावातला शेवटचा शब्द. ते बरोबर असतील तर मी चूक आहे. रस्त्याने जाताना प्रत्येक आवाज तपासते: सायकलची घंटा, लोहाराचा घण, दुकानाच्या दाराची कडी. घरच्या पियानोवर एकच पट्टी पन्नास वेळा दाबते. पन्नासाव्या वेळी कुठलाही स्वर बेसूर वाटतो. पायाला भिंगरी लागल्यासारखी खोलीभर फिरते. शिकवतानाही धीर नाही. आज त्या सर्वांत लहान मुलीला "चूक" म्हणाले आणि तिचं बरोबर होतं.

१२ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कुणाला न सांगता. तासभर तपासलं. "बाई, असे कान मी दहा वर्षांत पाहिले नाहीत. माझ्या घड्याळाची टिकटिक तुम्ही दाराबाहेरून सांगितलीत."

जीव भांड्यात पडला. निघताना त्यांनी कागदावरचं आडनाव पुन्हा वाचलं. "पियानो लावणारे ते तुमचे कोण?"

"वडील."

"अच्छा." चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि... सांभाळा त्यांना."

बाबांच्या कामाचे चाहते कुठे कुठे असतात! नमस्कार मात्र पोचवला नाही. सध्या आमच्यात बोलणं नाही.

पण मग, माझे कान ठीक आणि बाबांचंही काम ठीक, तर हे करतंय कोण?

१७ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला हॉलवर गेले. ठरवलं होतं, चोर पकडायचाच.

स्टेजवर दिवा होता. बाबा होते. पियानोचं झाकण उघडं, त्यांची पाठ माझ्याकडे. अगदी टोकाची पट्टी दाबत होते, पुन्हा पुन्हा, जोराने, इतक्या जोराने की आतल्या हातोडीचा लाकडी ठक्क आवाज स्वरापेक्षा मोठा येत होता. मग डोकं आत घातलं, जवळजवळ गाल तारांना टेकवला, आणि पुन्हा दाबली. स्वर उघड बेसूर होता. त्यांनी पियानो लावायच्या किल्लीने तारेची खुंटी किंचित फिरवली, चुकीच्या बाजूला. स्वर आणखी बिघडला. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या तारेकडे वळले.

मी हाक मारली, "बाबा."

स्टेजच्या पायऱ्यांपाशी जाऊन पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ओरडलेच. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्च्या पुसणारी बाई दचकून वळली.

बाबा वळले नाहीत.

मी कशी बाहेर आले, आठवत नाही. कालव्याच्या कडेने दुपारपर्यंत चालत होते. ठोके बंद झाले होते, कारण खाली काही पोचतच नव्हतं. आणि मी वर बसून त्यांच्यावर मनातल्या मनात खटला चालवत होते, साक्षीपुरावे गोळा करत होते.

१८ फेब्रुवारी

सांगायचं कसं? "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही", हे वाक्य मी मनात शंभर वेळा म्हटलं. एकदाही पूर्ण झालं नाही.

२३ फेब्रुवारी

दुसरी तालीम. तेच.

या वेळी संचालकांनी छडी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वरचे स्वर बोचताहेत. बाईंचा हात वरच्या बाजूला कडक पडतो, असं मला वाटतं. खांद्यांचा प्रश्न मी आधीच काढला होता." मग व्यवस्थापकांकडे वळले. "की पियानोच ठीक नाही? बाई, तुम्हीच सांगा. समितीपुढे मला काहीतरी ठेवायचंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. "पियानो बेसूर आहे" एवढे तीन शब्द बोलले असते तर मी सुटले असते. आणि संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं की म्हातारा बहिरा झाला.

"पियानो ठीक आहे," मी म्हणाले. "माझाच हात जड पडला. सुधारते."

मुख्य व्हायोलिनवादकाने माझ्याकडे बघितलं. हसला नाही. त्याला कान आहेत. मी खोटं बोलले हे त्याला कळलं. का, ते नसेल कळलं.

समिती सोमवारी ठरवणार, मी राहायचं की माझ्या जागी दुसऱ्या गावच्या एका पुरुषाला बोलवायचं.

२६ फेब्रुवारी

समितीने ठेवलं मला. पुन्हा चार विरुद्ध तीन. शेवटच्या तालमीवर नजर राहील म्हणे.

आता एकच वाट दिसते: पियानो मीच लावायचा. लहानपणी बाबांनी किल्ली धरायला शिकवली होती. कारखान्यातली जुनी किल्ली आणि नमद्याच्या चार पाचरी पिशवीत घातल्या आहेत. आपल्याच घरात चोरी.

२७ फेब्रुवारी

जे व्हायचं ते झालं.

सकाळी हॉलवर गेले. खुर्च्यावाल्या बाईने आतून दार उघडलं, काही विचारलं नाही. तीन तारांपैकी दोन पाचरीने गप्प करायच्या, एक लावायची, मग दुसरी तिच्याशी जुळवायची. ऐकायला सोपं. पण किल्ली फिरवायची म्हणजे मुंगीच्या पावलाएवढी, आणि खुंटी मागे सरकते. तासाभरात माझे चार स्वर झाले, दंड भरून आला. पाचव्याला स्वर हलेचना. मी ताणत गेले, ताणत गेले. किल्ली शेजारच्या खुंटीवर बसलेली होती. ऐकत होते एक तार, ताणत होते दुसरी.

तार तुटली ती बंदुकीसारखी. मनगटावर आडवा ओरखडा. बोटं वाचली.

तार बसवणं मला येत नाही. गावात ते एकालाच येतं.

कारखान्यात गेले. या वेळी पाठीमागून बोलले नाही. टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर उभी राहिले. त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. किती दिवस असेच बघत असतील, आणि मी समजत होते मान खाली घालून टाळताहेत.

"बाबा, हॉलच्या पियानोची तार तुटली. मी तोडली."

त्यांनी माझ्या मनगटाला बांधलेला रुमाल बघितला. "तू किल्ली लावलीस?"

"हो."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, पेशंट डॉक्टरला विचारतो तसं, "किती वाईट आहे?"

"दीड सप्तक."

ते स्टुलावर बसले. "मला वाटलं, एकच गेलं असेल."

मी रडले. ते नाही रडले. तार काढली, जाडी मोजली, हत्यारांची पेटी घेतली आणि हॉलवर गेले. मला येऊ दिलं नाही.

संध्याकाळी आत्याने मला धारेवर धरलं. "मला दोन वर्षं माहीत आहे. बेकरीवालीला वर्ष झालं असेल. गल्लीतलं कुत्रंसुद्धा आता त्याच्या पाठीमागून भुंकत नाही, पुढे येऊन भुंकतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्याने शपथ घातली होती. पण शपथ मला होती, तुझ्या डोळ्यांना नव्हती. तू त्याला कधी काही विचारतेस का? तू फक्त ऐकवतेस."

मी वर जाऊन पियानोचं झाकण लावून टाकलं. 

१ मार्च

मी सुचवलं: हात त्यांचे, कान माझे. दोघांनी मिळून लावू, कुणाला कळायचं नाही.

बाबा म्हणाले, "पोरीच्या कानाने काम करू? उद्या म्हणशील पोरीच्या तोंडाने जेवा." आणि दार लावून घेतलं.

२ मार्च

दार बंद. आत्या ताट उंबऱ्यावर ठेवते, रिकामं उचलते. निदान जेवताहेत.

माझा सराव होत नाही. बसते, उठते. वरची पट्टी दाबायची वेळ आली की बोटं आपोआप अडखळतात. मैफलीला सात दिवस, आणि माझे हात माझ्यावरच रुसलेत.

३ मार्च

सकाळी बाबा अंगावर चांगला कोट घालून वर आले. "चल."

"कुठे?"

"व्यवस्थापकाकडे. चोरून काही लावायचं नाही. एकसष्ट वर्षांत पहिली बाई बसणार, ती लपवाछपवीवर नाही बसणार."

व्यवस्थापकांच्या समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं, "वरच्या स्वरांचे माझे कान गेले. दोन तालमी माझ्यामुळे नासल्या. हिने आळ स्वतःवर घेतला."

व्यवस्थापक एकदम मोठ्याने ओरडायला लागले, "काही हरकत नाही! आपण बघू!"

"ओरडू नका," बाबा म्हणाले. "तोंड माझ्याकडे करून बोला, पुरे."

संचालकांना बोलावलं. मला वाटलं, आता हे टाळी वाजवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तुम्ही सर्वांसमोर माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

"मी तुमच्या हातांबद्दल चुकीचं बोललो."

"हो."

"मग फिटंफाट. पियानो लावणारा बाहेरचा माणूस पंधरवड्याशिवाय मिळत नाही. दोघं मिळून लावा. पण स्वर तपासणार आमचा व्हायोलिनवाला, एकेक. एक जरी सुटला तर मैफलीतून कॉन्चेर्टो काढतो." कांदे अजून नाकानेच सोलतात, पण हाताला न्याय आहे.

६ मार्च

दोन दिवस हॉलमध्ये. बाबा किल्लीवर, मी समोर. हात वर म्हणजे चढव, खाली म्हणजे उतरव, मूठ म्हणजे बरोबर. पहिल्या दिवशी बाबा माझी मूठ बघायच्या आधीच थांबायचे, सवयीने, आणि मग ओशाळून माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही सवय झाली.

आज व्हायोलिनवादक आला. एकेक पट्टी दाबून स्वतःच्या तारेशी ताडून बघितली. दोन तास लागले. बाबा पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते, शाळेत निकालाला बसतात तसे. शेवटची पट्टी झाल्यावर त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, बाबांच्या समोर आला आणि ओठ नीट हलवत म्हणाला, "माझ्या व्हायोलिनची एक तार उतरली होती. पियानोमुळे कळली."

शेवटची तालीम उद्या. झोप येईल असं वाटत नाही.

९ मार्च

झालं.

दुपारी तीनला सुरू. हॉल भरलेला, निम्मे ऐकायला, निम्मे बघायला. सहाही मुली आयांसकट आल्या होत्या. वहिनी दुकान बंद करून आल्या, नवऱ्यालाही ओढत आणलं. पहिल्या भागात मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्यात एक जागा विसरले, डाव्या हाताने सावरली, कुणाला कळली नसावी. तिसऱ्यात खांदे पुरले. वरचे स्वर पाण्यासारखे स्वच्छ होते, आणि त्यांच्यावरून पळताना मला प्रथमच वाटलं, की आता कुणी थांबवलं तरी मी थांबणार नाही.

टाळ्या झाल्या. संचालकांनी हात पुढे केला. मी धरला.

मग सगळे पांगल्यावर बाबांना गाठलं. त्यांच्या समोर उभी राहिले आणि जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. "कसं झालं?"

त्यांनी घाई केली नाही. "पहिला भाग बराचसा पोचला. दुसऱ्यात डाव्या हाताने काहीतरी सावरलंस."

"दिसलं?"

"मनगट घाबरलं होतं. तिसऱ्यात तू वर गेलीस की मला नुसती बोटं दिसत होती." थांबले. "ते कसं झालं, मी नाही सांगू शकत. आता कधीच नाही. तुझं तुला ठाऊक असायला हवं."

त्यांची नजर माझ्या ओठांवर आली.

"ठाऊक आहे का?" त्यांनी विचारलं.

"चांगलं झालं," मी म्हणाले. हे वाक्य मी स्वतःबद्दल आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. तोंडात परकं वाटलं.

"मग झालं तर," बाबा म्हणाले, आणि कोट शोधायला लागले.

११ मार्च

वर्तमानपत्रात अकरा ओळी. चार माझ्या पोशाखावर, तीन संचालकांवर. उरलेल्या चारांत "आश्चर्यकारक ताकद" असं लिहिलंय. आत्या म्हणाली, "आश्चर्य त्याला झालं, आपल्याला कशाला?"

दोन नव्या मुली शिकायला आल्या. एकीच्या आईने "लग्नापुरतं" म्हटलं नाही. मी वाट बघत होते.

२४ मार्च

हॉलचं काम आता आम्हा दोघांच्या नावाने. समितीने तीन महिने बघू म्हटलंय.

आज दीड तासात तीनदा भांडलो. वरच्या एका स्वराला मी मूठ केली, बाबा ऐकेनात. "अजून नाही," म्हणाले.

"बाबा, स्वर बरोबर आहे. मला ऐकू येतंय."

"तुला स्वर ऐकू येतोय. मला खुंटी लागतेय हाताला. अजून बसली नाही ती, पीळ आहे तिच्यात. सकाळपर्यंत स्वर सोडेल."

"कान कुणाचे?"

"हात कुणाचे?"

खुर्च्यावाली बाई फडकं खाली ठेवून तमाशा बघत होती. शेवटी माझंच खरं करून घेतलं. ते पेटी आवरायला लागले. घरी येतानाही रस्ताभर गप्प होते. पण हे गप्प राहणं वेगळं होतं; त्यात मिस्कीलपणा होता, असं मला आत्ता लिहिताना वाटतंय.

२५ मार्च

राहवलं नाही. सकाळी उठून आधी हॉलवर गेले आणि तो एक स्वर वाजवून बघितला.

उतरला होता. केसभर, पण उतरला होता.

घरी येताना वाटेत चार उत्तरं तयार केली: हॉलमध्ये गारवा होता, तार नवी होती, आणखी काय काय. बाबा दारातच उभे होते, चहाचा कप हातात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि खो खो हसत सुटले. आतून आत्या विचारत होती काय झालं, काय झालं. ते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.